सायकल दुकानात टाकली आणि डोक्याला ताप झाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुलांचे आई-बाबा, सायकलवर कामाला जाणारे, रविवारी सिंहगडाला किंवा पसरणी घाटात जाणारे, सगळ्यांकडून दुकानांबद्दल आणि दुरुस्तीबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवते : दुकानात होणारी बहुतेक भांडणं सायकल तिथे सोडताना काहीच न ठरल्यामुळे होतात. काय करायचं, कधीपर्यंत आणि साधारण कितीत, एवढं लिहून घेतलं तर पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. जे उरतात त्यांत मात्र गिऱ्हाइकाने गप्प बसू नये, कारण ब्रेक आणि चाक यांत झालेली हयगय अंगाशी येते.

१. सायकल दुरुस्तीला टाकताना दुकानदाराला नेमकं काय सांगायचं?

काय होतंय ते सांगा, कोणता पार्ट बदलायचा ते त्याच्यावर सोडा. "चढावर जोर लावला की खालून कट्-कट् आवाज येतो, सपाटीला येत नाही" एवढ्यावरून चांगला मेकॅनिक आधी क्रँक (ज्याच्या टोकाला पॅडल असतं तो दांडा), पॅडल आणि बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेममधला आस) तपासतो. तुम्हीच "बीबी बदला" म्हणालात तर तो बीबी बदलून देईल. आवाज सैल पॅडलचा असेल तर तो तसाच राहील आणि पैसे मात्र गेलेले असतील.

आवाज पॅडल मारताना येतो की नुसती सायकल उतारावर सोडल्यावर, बसून की उभं राहून, कोणत्या गियरवर, पाऊस लागल्यानंतर सुरू झाला का, हे आठवून जा. सायकल पडली असेल तर तेही सांगा. पडल्याचं लपवलं की मेकॅनिक तासभर गियरच्या वायरशी खेळत बसतो आणि दोष वाकलेल्या हँगरमध्ये असतो (प्रश्न ७ पाहा).

हे सगळं तोंडी राहू देऊ नका. दुकानात जॉबकार्ड असेल तर त्यावर लिहून घ्या. नसेल तर दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा : कामं, तारीख, अंदाजे खर्च, आणि "यापेक्षा जास्त लागलं तर आधी फोन करा". सायकल सोडतानाचे दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडा. कुठल्याही सरळ दुकानदाराला याचा राग येत नाही.

२. "सर्व्हिसिंग" म्हणजे नक्की काय काय? पैसे घेतले आणि नुसती धुऊन दिली असं वाटतं.

ही तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि तिचं मूळ असं की प्रत्येक दुकानाचं सर्व्हिसिंग वेगळं असतं. साध्या सर्व्हिसमध्ये साधारणपणे चेन साफ करून तेल, ब्रेक आणि गियर जुळवणं, चाकांचा आउट काढणं, सगळे नट-बोल्ट आवळणं आणि हवा एवढं यावं. ज्याला आपल्याकडे ओव्हरऑइलिंग म्हणतात ते काम मोठं आहे : दोन्ही हब (चाकांचे मधले भाग), बीबी आणि हँडलचा हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं तो भाग) उघडायचा, जुनं ग्रीस पुसून काढायचं, छर्रे खराब असतील तर नवे घालायचे, नवं ग्रीस भरून परत जुळवायचं. बंद कार्ट्रिजचा बीबी असेल तर तो उघडत नाहीत, बिघडला की बदलतात. त्यामुळे "बीबी खोलून ग्रीस केलं" असं बिलावर दिसलं तर कोणता बीबी आहे ते विचारा.

काम झालं का ते घरी तपासता येतं. पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिम डावीउजवीकडे डुलत असेल तर आउट काढलेला नाही. चाक हाताने आडवं हलवून बघा, खडखड जाणवली तर हब सैल आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला, हँडलपाशी टक्-टक् लागली तर हेडसेट सैल आहे.

आणि एक विनंती. मोटारसायकली धुतात त्या प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन घेऊ नका. पाणी हबमध्ये आणि बीबीत शिरतं, ग्रीस वाहून जातं, आणि चकचकीत दिसणारी सायकल काही आठवड्यांत करकरू लागते.

३. "उद्या या, उद्या या" करत आठवडे गेले. काय करावं?

आधी कारण विचारा, कारण दोन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र होतात. पार्ट मागवलाय आणि यायचाय, हे खरं असू शकतं. तसं असेल तर कोणता पार्ट, कुठून, कधी मागवला हे दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. सायकल चालण्यासारखी असेल तर ती घरी न्या आणि पार्ट आल्यावर परत आणा.

दुसरं कारण म्हणजे गर्दी. महाराष्ट्रात जूनमध्ये शाळा उघडतात, पाऊस सुरू होतो आणि पंढरपूरच्या सायकल वारीला निघणाऱ्यांच्या सायकलीही त्याच सुमारास दुकानांत येऊन पडतात. मोठं काम असेल तर मे महिन्याच्या सुरुवातीला उरका.

सांगितलेली तारीख दोनदा चुकली तर लेखी कळवा : "अमुक तारखेपर्यंत काम झालं नाही तर सायकल आहे तशी परत नेईन." आणि खरंच न्या. उघडलेल्या अवस्थेत परत मिळत असेल तर सगळे पार्ट पिशवीत मोजून घ्या.

४. बिल मागितलं की "मग जीएसटी लागेल" असं ऐकवतात. बिल घ्यावं का?

घ्यावंच. पाकीटबंद टायर, ट्यूब, चेन यांवर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. जीएसटीत नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराला तर तो कर आकारायचा अधिकारच नाही. पण साधी पावती तोही देऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्क्या बिलावर दर कोणता लावलाय तेही बघून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून नोंदलेली आहे. वॉरंटी असो की तक्रार, तुमच्या हातात कागद नसेल तर पुढचं सगळं अवघड होतं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे मात्र पावतीचा आग्रह धरू नका, तिथे यूपीआयची नोंद पुरे.

५. सायकल ऑनलाइन घेतली. जवळचा दुकानदार जोडून द्यायला तयार नाही, किंवा भरमसाट पैसे सांगतो. हे बरोबर आहे का?

दुसरीकडून घेतलेली सायकल जोडून देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. ऑनलाइन सायकल बहुतेक वेळा "८५ टक्के जोडलेली" म्हणून येते, आणि उरलेल्या १५ टक्क्यांत हँडल, पुढचं चाक, ब्रेक आणि पॅडल असतात. म्हणजे जीव ज्यांवर अवलंबून आहे ते सगळंच. हे काम नीट करायला वेळ लागतो आणि त्याची मजुरी मागण्यात काही गैर नाही. फक्त रक्कम आधी ठरवा. विकत घेण्यापूर्वीच जवळच्या दुकानात चौकशी केली तर उत्तम, कारण कधी कधी फरक इतका थोडा निघतो की दुकानातूनच घेणं परवडतं.

मला जास्त काळजी वाटते ती घाईने जोडलेल्या सायकलींची. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर नेहमी दिसतात, आणि त्या चालवणाऱ्याला कल्पनाही नसते. ओळखायची खूण सोपी आहे : पुढे डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर चिमट्याच्या डाव्या पायाला, मागच्या बाजूला असतो. व्ही-ब्रेक (दोन्ही बाजूंनी रिमवर दाबणारे) असतील तर त्यांचे हात चिमट्याच्या पुढे दिसतात. उलट्या चिमट्याने हँडल अस्थिर होतं आणि वळताना पायाचा पंजा चाकाला लागू शकतो.

दुसरी नेहमीची चूक पॅडलची. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात. न बघता पाना लावून जोर केला की क्रँकचे आटे जातात आणि नव्या सायकलचा क्रँक बदलायची वेळ येते. पॅडलवर एल आणि आर ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. पहिल्या फेरीआधी ती बघा, पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल एकटंच फिरत नाही ना ते बघा, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत नाही याची खात्री करा.

६. पंक्चर काढून दोन दिवस होत नाहीत तोच परत हवा जाते. फसवतात का?

बऱ्याचदा फसवणूक नसते, घाई असते. ट्यूबला ठिगळ लावलं पण टायरमधला बाभळीचा काटा किंवा मोटारींच्या रेडियल टायरची बारीक तार तशीच राहिली, तर त्याच जागी पुन्हा भोक पडतं. टायरच्या आतून बोटं फिरवून बघायला सांगा, किंवा स्वतः बघा. नवं भोक जुन्या ठिगळाशेजारीच असेल तर कारण हेच.

शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर ट्यूब रिम आणि खड्डा यांच्यामध्ये चिमटली आहे. म्हणजे हवा कमी होती. टायर काढायला टायर लिव्हरऐवजी स्क्रू ड्रायव्हर वापरला तरीही ट्यूब फाटते. हे तुमच्या डोळ्यांदेखत होत असेल तर तिथेच थांबवा. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडे, असेल तर रिम टेप (स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे आणि स्पोकचं टोक टोचतंय. अशा वेळी पन्नास ठिगळं लावून उपयोग नाही.

तिसरं कारण चुकीची ट्यूब. "२६ची द्या" एवढं सांगणं पुरत नाही. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ या वेगळ्या रिमच्या सायकली आहेत, पहिलीची रिम ५५९ मिलिमीटरची, दुसरीची ५९०ची. टायरच्या कडेला ४७-५५९ असा जोडआकडा छापलेला असतो, तो फोटो काढून दाखवा. ७००सी आणि २९ इंची यांची रिम मात्र एकच, ६२२ची. तिथे फरक फक्त रुंदीचा.

व्हॉल्व्हचाही घोळ होतो. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हची ट्यूब दुकानात नसली की काही जण रिमचं भोक ड्रिलने मोठं करून मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब बसवतात. रुंद रिमवर ते खपून जातं, पण रोड बाइकच्या अरुंद रिमवर करू देऊ नका. या सायकलीची एक जादा ट्यूब घरात ठेवलीत तर ही वेळ येत नाही.

७. गियर जुळवून आणले, आठवड्यात पुन्हा अडखळतात. परत पैसे का द्यायचे?

नवी वायर घातली असेल तर ती पहिल्या काही फेऱ्यांत बसते, थोडी सैल पडते आणि गियर अडखळू लागतात. हे अपेक्षित आहे, आणि ते जुळवून देणं मूळ कामाचाच भाग समजायला हवा. चांगली दुकानं त्याचे पैसे घेत नाहीत. काम टाकतानाच विचारून ठेवा.

पण तेच तेच होत असेल तर मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो तो हँगर बघायला सांगा. सायकल उजव्या अंगावर पडली, गाडीच्या डिकीत दाबली गेली, पार्किंगमध्ये कोणी ढकलली की तो वाकतो. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तोच वाकावा. वाकलेल्या हँगरवर गियर कधीच नीट जुळत नाहीत. एका बाजूला जमले की दुसऱ्या टोकाला बिघडतात. सरळ करायचं हत्यार वेगळं असतं आणि ते प्रत्येक दुकानात नसतं. "हँगर गेज आहे का?" असं विचारलं की दुकानाची तयारी किती आहे ते कळतं.

एक गोष्ट जिवावरची आहे. डिरेलरवरचे दोन बारीक स्क्रू चेनची दोन टोकं ठरवतात. आतला स्क्रू चुकला तर सगळ्यांत मोठ्या चक्रावरून चेन थेट स्पोकमध्ये जाते आणि चढावर चाक जागच्या जागी अडकतं. सायकल ताब्यात घेतल्यावर दुकानासमोरच, सावकाश, सगळ्यांत हलक्या गियरपर्यंत जाऊन बघा.

८. फक्त चेन बदलायची होती, दुकानदार म्हणतो मागची चक्रंही बदला. लुबाडतोय का?

बहुतेक वेळा तो खरं सांगतोय. चेन झिजून लांबते आणि लांबलेली चेन चक्रांचे दात आपल्या मापाने झिजवते. मग नवी चेन त्या दातांवर बसत नाही आणि जोर लावला की घसरते. हे कधी होणार ते घरी स्टीलच्या पट्टीने मोजता येतं. चेन ताणून धरा, पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचावर पिनचा मध्य येतो. तो अर्धं सूत (१/१६ इंच) पुढे गेला असेल तर लगेच चेन बदला, चक्रं वाचतील. एक सूत पुढे गेला असेल तर चक्रंही गेलेली असण्याची शक्यता मोठी, आणि दुकानदाराचं ऐका.

सात-आठ गियरच्या सायकलवर बेत साधा आहे : नवी चेन टाकून एक चक्कर मारून बघा. घसरली नाही तर चक्रं तूर्त राहू द्या. जुन्या पद्धतीचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील आहे की खाचांवर सरकवायची कॅसेट, हे बिलावर लिहून घ्या, कारण दोन्हींची हत्यारं आणि किमती वेगळ्या. चेनचाही जोड बघा. सहा, सात, आठ गियरला एकच चेन चालते, नऊपासून पुढे ती अरुंद होत जाते. नऊ गियरच्या कॅसेटवर आठची चेन टाकलेली असेल तर ती शेजारच्या चक्राला घासत राहणार, आणि ही चूक दुकानाची. त्याने ती विनामूल्य बदलून द्यायला हवी.

९. सर्व्हिसनंतर डिस्क ब्रेक किंचाळतात आणि धड लागतही नाहीत.

चेनवर तेलाचा फवारा मारताना डिस्कवर उडालं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. डिस्कवर तेलाचा थेंबही चालत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदलावेच लागतात, आणि त्यांचा खर्च दुकानाने करावा असं मी स्पष्ट म्हणेन. दुकानातून निघण्यापूर्वीच ब्रेक तपासा, म्हणजे "तुम्ही घरी काहीतरी लावलं असेल" हे ऐकावं लागणार नाही.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर त्यात कोणतं तेल भरलं ते विचारा. शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल जातं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड जातं. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतली रबरी सीलं फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक केव्हाही दगा देतो. मोटारसायकलसाठी ठेवलेली डॉटची बाटली समोर आहे म्हणून तीच ओतणारे मेकॅनिक आहेत. अशी सायकल घेऊन घाट उतरू नका. जागेवरच ठेवा आणि दुसऱ्या दुकानातून पूर्ण तपासून घ्या.

१०. बदललेले जुने पार्ट परत मागावेत का?

हो, काम टाकतानाच सांगा. पार्ट खरंच बदलला का आणि बदलायची गरज होती का, दोन्ही कळतं. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीला परत पाठवावा लागतो, तेवढा अपवाद.

११. न विचारता जादा पार्ट बदलले आणि बिल दुप्पट केलं. सगळं द्यावं लागेल का?

तुम्ही मंजुरी दिलेली नव्हती हे दाखवता येत असेल (प्रश्न १ मधला मेसेज इथे कामाला येतो) तर त्या जादा भागांबद्दल शांतपणे नाही म्हणा आणि जुने पार्ट परत बसवायला सांगा. ठरलेल्या कामाचे पैसे मात्र तिथल्या तिथे द्या. तसं न केल्यास काय होतं ते प्रश्न १८ मध्ये आहे. ब्रेकची तुटायला आलेली वायर मेकॅनिकने स्वतःहून बदलली असेल तर मी तरी वाद घालणार नाही.

१२. पार्ट मी बाहेरून आणला, दुकानदार बसवून द्यायला नाही म्हणतो.

तो नाही म्हणू शकतो. पार्टमागचं त्याचं उत्पन्न गेलं आणि पार्ट सदोष निघाला तर शिव्या त्यालाच. मजुरी जास्त घेऊन बसवत असेल तर ते रास्त आहे. आपल्याकडे मजुरी इतकी कमी धरली जाते की दुकानं पार्टच्या विक्रीवरच जगतात, आणि मग कसबी मेकॅनिक हे काम सोडून जातात. मजुरीचा फलक लावणारं, हाताच्या कामाचे नीट पैसे घेणारं दुकान दिसलं तर तिथेच जात राहा.

१३. दुकानात गेले की माझ्याशी कोणी बोलतच नाही, सोबत आलेल्या भावाला सगळं सांगतात. आणि सायकलही चुकीच्या मापाची दिली.

हा अनुभव इतक्या जणींनी कळवला आहे की त्याला योगायोग म्हणता येणार नाही. "लेडीज सायकल तिकडे आहेत, ताई" असं म्हणून बास्केटवाल्या सायकलींकडे वळवणं ही सेवा नाही. सायकल चालवणार कोण, किती अंतर, कुठल्या रस्त्याने, हे प्रश्न जिथे तुम्हाला विचारले जात नाहीत तिथून उठून या. शहरात दुसरी दुकानं आहेत.

मापाबद्दल : फ्रेमवर पाय दोन्ही बाजूंना टाकून सपाट उभं राहिल्यावर आडव्या दांडीत आणि तुमच्यात मोकळी जागा राहिली पाहिजे. पॅडल सगळ्यांत खाली असताना गुडघा जरासा वाकलेला असावा. सीट वर करून हे जमतं, पण हँडलपर्यंतचं अंतर फार असेल तर सीट कितीही हलवली तरी पाठ दुखणार. फ्रेम मोठी आहे याचा तो अर्थ.

मुलांच्या बाबतीत "वाढतं अंग आहे, एक साइझ मोठी घ्या" हा सल्ला मानू नका. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचत नाहीत आणि थांबताना पाय टेकत नाही, अशी सायकल घेऊन मूल रहदारीत जाणार असतं. चुकीचं माप दिलं हे पहिल्या एक-दोन दिवसांत, सायकलला ओरखडा नसताना, सांगितलं तर बहुतेक दुकानदार बदलून देतात. तो कायद्याने बांधलेला असेलच असं नाही, म्हणून खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घ्या.

१४. आजोबांची काळी सायकल मोठ्या शोरूममध्ये नेली, हात लावायला तयार नाहीत.

तिथे नेऊ नका. कॉटर पिनचा क्रँक ठोकून काढायचा कसब, रॉड ब्रेकची जुळवणी, व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी, हे सगळं तुमच्या पेठेतल्या किंवा बाजारपेठेतल्या जुन्या मेकॅनिककडे आहे, आणि त्याच्याइतकं ते कोणालाच जमत नाही. टायर २८ × १ १/२ चा, म्हणजे ६३५ मिलिमीटर रिमचा लागतो आणि तो आजही बनतो. हाच मेकॅनिक हायड्रॉलिक ब्रेक उघडायला निघाला तर मात्र नम्रपणे थांबवा. प्रत्येकाचा हात कुठे बसलाय ते ओळखून सायकल तिथे न्यावी.

१५. फ्रेमला तडा गेला. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते दुकानदाराकडे जा.

दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्या, म्हणजे टोलवाटोलवी कागदावर येते. सोबत बिल, तड्याचे जवळून आणि लांबून काढलेले फोटो, आणि फ्रेमचा नंबर पाठवा. हा नंबर बहुधा बीबीच्या खाली कोरलेला असतो. सायकल आजच उलटी करून त्याचा फोटो काढून ठेवा, चोरी झाली तरी तोच लागतो. तडा गेलेली सायकल चालवणं त्या क्षणी थांबवा आणि वेल्डिंग करून घेऊ नका, वॉरंटी तिथेच संपते.

वॉरंटीच्या अटी आधी वाचा. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर-पॅड हे झिजणारे भाग तीत नसतात. फ्रेमची दीर्घ वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरती असते, म्हणून जुनी सायकल घेताना ती धरून चालू नका. काही कंपन्या ठरावीक मुदतीत नोंदणीची अट घालतात आणि ती करून देण्याचं दुकानदार विसरतो. ती स्वतः करा.

१६. बिलावरच छापलंय, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". मग संपलं का?

माल सदोष असेल तर नाही. २०१९ च्या कायद्यानुसार सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मन बदललं, रंग आवडला नाही, दुसरीकडे स्वस्त दिसली, यासाठी मात्र हे कलम नाही.

१७. सगळं करून पाहिलं. तक्रार कुठे करायची, आणि वकील लागतो का?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे तक्रार नोंदवली की ती संबंधितांकडे पाठवली जाते आणि मोठ्या कंपन्यांची प्रकरणं बऱ्याचदा इथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. दाखल करण्यापूर्वी दुकानदाराला एक लेखी पत्र द्या : काय झालं, काय हवं, किती दिवसांत.

अडचणीचा भाग असा की सायकल व्यापारी कामासाठी घेतली असेल तर तुम्ही "ग्राहक" ठरत नाही. भाड्याने द्यायला दहा सायकली घेणारा या व्याख्येबाहेर जाऊ शकतो. पण स्वतः चालवून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सायकल कायद्याने वगळलेली नाही. पेपर टाकणारे, डबे पोचवणारे, घरोघर माल देणारे यांनी "तुम्ही तर धंद्यासाठी वापरता" या उत्तराने मागे फिरू नये.

१८. बिलावरून वाद आहे म्हणून दुकानदार सायकलच देत नाही. आणि दुकानातूनच ती चोरीला गेली किंवा खरचटली तर?

दोन्हींची उत्तरं भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहेत. कलम १७० प्रमाणे वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च करून काम केलेल्याला, त्याची मजुरी मिळेपर्यंत, ती वस्तू अडवून ठेवता येते. म्हणजे ठरलेल्या कामाचे पैसे न देता सायकल ओढून नेणं तुमच्याच अंगलट येईल. हा अधिकार केलेल्या कामाच्या योग्य मोबदल्यापुरता आहे, मागच्या कुठल्या उधारीसाठी नाही. व्यवहारात सोपा मार्ग असा : वादातली रक्कम "हरकत नोंदवून देत आहे" असं बिलावर किंवा मेसेजमध्ये लिहून द्या, सायकल ताब्यात घ्या आणि मग प्रश्न १७ मधला रस्ता धरा.

उलट बाजूने, सायकल दुकानात आहे तोवर तिची काळजी घेण्याची जबाबदारी दुकानदाराची. कलम १५१ म्हणतं की सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावीच लागते. रात्रभर कुलूप न लावता फुटपाथवर ठेवलेली सायकल गेली तर "आमची जबाबदारी नाही" या पाटीवर त्याची सुटका सहज होत नाही. शटर तोडून चोरी झाली तर तो काळजी घेतल्याचं दाखवू शकतो आणि मग प्रकरण अवघड होतं. दोन्ही प्रसंगी पोलिसांत तक्रार द्या, तीत फ्रेमचा नंबर लिहा, आणि सायकल दुकानात दिल्याचा पुरावा म्हणून जॉबकार्ड किंवा तो पहिला मेसेज जोडा.